मोर्टन ते मोर्टन: कॉट्सवोल्ड्समधला एक सायकल-फेरा

इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्या बघायला येणारी आपली बहुतेक मंडळी लंडनहून बसने येतात, बोर्टन-ऑन-द-वॉटरच्या पुलावर फोटो काढतात, चहा घेतात आणि संध्याकाळी परत जातात. गाव सुंदरच आहे, त्यात वाद नाही. पण हा सगळा मुलूख चढ-उतारांचा आहे आणि बसमध्ये बसून चढ-उतार कळत नाहीत. म्हणून ज्यांना चार-पाच तास सॅडलवर बसायची सवय आहे त्या सगळ्यांना मी हा एकच फेरा आग्रहाने सांगते: मोर्टन-इन-मार्श स्टेशनवर उतरा, चिपिंग कॅम्डन, ब्रॉडवे टॉवर, स्नोशिल, गायटिंग पॉवर, नॉन्टन, अप्पर आणि लोअर ही दोन्ही स्लॉटर गावं, स्टो आणि डेल्सफर्ड करून पुन्हा त्याच स्टेशनवर या.

अंतर साधारण ६५ किलोमीटर, आणि एकूण चढ ८०० मीटरच्या आसपास. इथे अशा वाटेला 'मॉडरेट' म्हणतात. मॉडरेट म्हटलं की नवीन माणसाला वाटतं, फार काही नसणार. खरं तर यातला कुठलाच चढ पंधरा-वीस मिनिटांच्या वर जात नाही, पण सपाट रस्ताही जवळजवळ कुठे मिळत नाही. एक चढ संपतो, थोडं माथ्यावरून जातो, झपकन एका ओढ्यापाशी उतरतो, आणि पूल ओलांडला की लगेच पुढचा चढ. घाट चढणाऱ्याला एक लय सापडते, ती इथे सापडायला वेळ लागतो. सारखे गिअर बदलावे लागतात.

असं का, हे समजून घेतलं की फेरा सोपा होतो. सह्याद्री कसा पश्चिमेला कोकणात एकदम कोसळतो आणि पूर्वेला देशाकडे सावकाश उतरत जातो? आणि समुद्राजवळ उगम पावलेल्या नद्या त्या समुद्राकडे पाठ करून पार बंगालच्या उपसागराला जातात? कॉट्सवोल्ड्सची ठेवण तशीच आहे, फक्त खूप लहान मापात. सगळ्यात उंच जागा क्लीव्ह हिल, ती ३३० मीटर. दगड मात्र काळा बसाल्ट नाही, ज्युरासिक काळातल्या उथळ समुद्रात साचलेला मधाळ रंगाचा चुनखडक. हे सगळे थर पूर्वेकडे किंचित कललेले आहेत. पश्चिमेच्या कड्यावरून पडलेलं पाणी सेव्हर्न नदीने ब्रिस्टलच्या बाजूला जातं, आणि कड्याच्या अलीकडचं पाणी विंडरश, ईव्हनलोड अशा नद्यांतून थेम्सला मिळून लंडनमार्गे उत्तर समुद्रात. या पूर्वेकडच्या नद्यांनी पठारात ज्या खोबणी कोरल्या, त्या आडव्या ओलांडताना आपली दमछाक होते.

म्हणूनच मी दिशेबद्दल हट्टी आहे. हा फेरा घड्याळाच्या काट्यांच्या उलट करायचा: आधी वायव्येला कॅम्डन, मग कड्यावर, मग दक्षिणेला, मग पूर्वेला, आणि शेवटी उत्तरेला घरी. मोठी उंची पहिल्या वीस किलोमीटरमध्येच हाताशी येते. इंग्लंडमध्ये वारा जास्त करून नैर्ऋत्येचा. तो पठारावर समोरून लागतो खरा, पण तेव्हा पाय ताजे असतात. पुढे नॉन्टनपासून तो पाठीशी येतो, आणि दमल्यावर पाठीचा वारा किती मोलाचा असतो ते सायकलवाल्यांना सांगायला नको.

मोर्टनहून निघताना एक मोह टाळायचा. गावाच्या मध्यातून सरळसोट दक्षिणेला जाणारा रुंद रस्ता म्हणजे फॉस वे, रोमनांनी एक्सेटरपासून लिंकनपर्यंत आखलेला. आज तो ए४२९ आहे. नकाशावर स्टोला जायला तोच सगळ्यात जवळचा दिसतो, पण गाड्या आणि ट्रक इतक्या वेगाने जातात की त्यात आनंद काही नाही. २०२२च्या जानेवारीत हायवे कोड, म्हणजे इथली रहदारीची नियमावली, बदलली. त्यानुसार ताशी तीस मैलांपर्यंत वेग असेल तर सायकलला ओलांडताना गाडीने किमान दीड मीटर अंतर सोडावं, आणि वेग जास्त असेल तर त्याहून जास्त. बहुतेक चालक ते पाळतात. तरीही आपण छोटे रस्ते धरावेत. बॅट्सफर्डच्या बाजूने ड्रेकॉट आणि तिथून ब्लॉक्ली.

ब्लॉक्ली माझं फार आवडतं गाव. इथे एके काळी ओढ्याच्या पाण्यावर रेशमाच्या गिरण्या चालत आणि इथला धागा कॉव्हेंट्रीला रिबिनी विणायला जाई. १८६० साली फ्रान्सशी करार झाला, परदेशी रेशमावरचा कर उठला आणि हा धंदा बसला. गिरण्यांची आता राहती घरं झाली आहेत. ओढा अजून तसाच खळखळतो. गाव सगळं उतारावर, घरं एकावर एक चढत गेलेली. आपल्याला त्यांच्याही वर जायचं असतं.

इथून ब्रॉड कॅम्डनकडे जाणारा चढ हा दिवसाचा पहिला खरा चढ. मागच्या जूनमध्ये भाची बर्मिंगहॅमहून आली होती, तिथे तिचं एमएस्सी चालू आहे. मैदानी सायकल चालवून पाय चांगले तयार झालेले, पण चढाची सवय नव्हती. पहिल्या वळणालाच ती पॅडलवर उभी राहिली.

"बस खाली," मी म्हटलं. "आत्ताच उभी राहिलीस तर वर काय करशील? गिअर हलका कर."

"आत्या, सगळ्यात हलक्यावरच आहे."

"मग पाय सावकाश फिरव. बोलता येईल इतकाच वेग ठेव. बोलता येत नसेल तर तू जोरात चालली आहेस."

"काय बोलू?"

"परीक्षेचं सांग."

तिने परीक्षेचं सांगायला सुरुवात केली आणि चढ संपेपर्यंत सांगत राहिली. चढावर मी हेच करते. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर उतरवायचा, कारण जोर पडलेला असताना बदलला की साखळी कुरकुरते. नजर पाच-सहा मीटर पुढे ठेवायची. बोलत राहायचं. एकटी असेन तेव्हा भीमरूपी म्हणते, तिची चाल पॅडलला बरोबर बसते.

ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा-खात्याच्या नकाशावर रस्त्यावर बाणासारखी खूण असते. एक बाण म्हणजे सातास एक ते पाचास एक इतका चढ, दोन बाण म्हणजे त्याहून खडा. जाण्याआधी या खुणा मोजून ठेवाव्यात. या भागासाठी एक्सप्लोरर मालिकेतला ओएल४५ हा नकाशा लागतो. फोनवर सगळं दिसतं हे खरं, पण खोऱ्यात उतरलं की नेटवर्क जातं, म्हणून कागदी नकाशा मी अजूनही हँडलबारच्या पिशवीत ठेवते.

ब्रॉड कॅम्डन म्हणजे गवताने शाकारलेल्या छपरांची थोडीशी घरं. बसवाले इथे थांबत नाहीत, पण आपण थांबायला हवं. बाराव्या शतकातलं एक पडकं चॅपल इथे होतं. सी. आर. ॲशबी या वास्तुरचनाकाराने १९०५ ते १९०७च्या दरम्यान त्याचं घर करून दिलं, आणि त्या घरात राहायला आले आनंद कुमारस्वामी. भारतीय कलेबद्दल वाचणाऱ्या कुणालाही हे नाव परकं नाही. कोलंबोत जन्म, वडील सिलोनचे तमिळ, आई इंग्रज, शिक्षण भूगर्भशास्त्राचं. सिलोनच्या खनिजांची पाहणी करता करता तिथल्या कारागिरांची कला मरताना पाहिली आणि हा माणूस दगडांकडून मूर्तींकडे वळला. मध्ययुगीन सिंहली कलेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९०८ साली इथेच, कॅम्डनमध्ये, हाताच्या छापखान्यावर छापला गेला. नटराजाबद्दल पुढे इतकं मोलाचं लिहिणारा माणूस या गल्लीतून रोज चालत असेल, या विचाराने मी दर वेळी सायकलवरून उतरते. घर खासगी आहे, रस्त्यावरून जेवढं दिसतं तेवढंच बघायचं.

ॲशबीही साधा माणूस नव्हता. यंत्रांनी कारागिराचा हात मारला म्हणून तो हळहळत राहिला नाही. १९०२ साली त्याने लंडनच्या ईस्ट एंडमधून आपले सुतार, चांदीकाम करणारे, पुस्तकबांधणी करणारे, त्यांची बायका-मुलं अशी दीडशेच्या घरात माणसं उचलली आणि चिपिंग कॅम्डनला आणून वसवली. जुन्या रेशीम गिरणीत त्यांचे कारखाने निघाले. पैशाचं गणित बसलं नाही, १९०८ साली संस्था मोडली. पण काही कारागीर गावातच राहिले आणि त्यातल्या एका घराण्याचं चांदीकाम त्याच गिरणीत आजही चालतं. जिना चढून वर गेलं की हातोडीचा आवाज येतो.

चिपिंग कॅम्डनच्या मोठ्या रस्त्याबद्दल फार लिहीत नाही, त्याचे फोटो सगळीकडे आहेत. १६२७ सालचा दगडी कमानींचा बाजार-मंडप मात्र बघा. त्याच्या फरशीवर पाय ठेवलात की झिजून झिजून ती किती उंचसखल झाली आहे ते जाणवतं. हे सगळं वैभव लोकरीचं. मध्ययुगात इथल्या मेंढ्यांची लोकर इटलीपर्यंत जायची, आणि व्यापाऱ्यांनी त्या पैशातून गावाच्या मानाने कितीतरी मोठी चर्च बांधली.

कॅम्डनमधून बाहेर पडलं की पुन्हा चढ. डावीकडे-उजवीकडे शेतं, आणि माथ्यावर आल्यावर एकदम पश्चिम उघडते. हाच तो कडा. ब्रॉडवे टॉवर ३१२ मीटरवर उभा आहे, कॉट्सवोल्ड्समधली दुसऱ्या क्रमांकाची उंची. १७९०च्या दशकाच्या शेवटी लेडी कॉव्हेंट्रीसाठी जेम्स वायटने तो बांधला, कशासाठी म्हणाल तर डोंगरावर काहीतरी शोभिवंत दिसावं म्हणून. शेजारी जमिनीखाली शीतयुद्धाच्या काळातलं एक निरीक्षण-तळघर आहे. अणुबॉम्ब पडलाच तर तिथे बसून नोंदी घ्यायच्या, अशी ती व्यवस्था होती. मी टॉवरवर चढत नाही, कारण पायथ्यापासूनही इव्हशमचं खोरं, मॅल्व्हर्नच्या टेकड्या आणि हवा स्वच्छ असेल तर वेल्सचे डोंगर दिसतात. इथे पाण्याची बाटली भरून घ्या, डबा उघडा. माझ्याकडे चिक्की आणि तूप-साखरेची पोळीची गुंडाळी असते. एनर्जी जेलपेक्षा तीच मला मानवते.

टॉवरपासून स्नोशिलला जाणारा रस्ता जवळजवळ माथ्यामाथ्याने जातो. जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत वाटेत लव्हेंडरची शेतं फुललेली असतात आणि वारा योग्य असेल तर दिसण्याआधी वास येतो. मग गावात जाणारा उतार. इथे दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत उतरायचं, कारण रस्ता अरुंद आहे आणि वळणापलीकडून ट्रॅक्टर येऊ शकतो. स्नोशिल खोलगटात बसलेलं, मध्ये चर्च, भोवती घरं. बघून झालं की तेवढंच परत वर चढायचं.

इथून टॅडिंग्टन, कट्सडीन, फोर्ड हा जो पठारावरचा भाग आहे, तो बहुतेक वर्णनांत एका ओळीत उरकलेला असतो. माझ्या मते फेऱ्याचा जीव इथे आहे. झाडं कमी, आकाश फार, चंडोल पक्षी वर कुठेतरी अखंड गात असतो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना मैलोन् मैल गडगे. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मोकळी कुरणं कायद्याने वाटून कुंपणात घातली गेली, तेव्हा यातले बहुतेक उभे राहिले. गावातल्या गरिबाची गाय चरायची जागा त्या कुंपणांनी गेली, हेही विसरू नये.

त्या दिवशी टॅडिंग्टनच्या पुढे एक गडगेवाला पडलेला भाग पुन्हा रचत बसला होता. आम्ही थांबलो. दोर बांधून त्याने रेषा धरली होती. जवळून पाहिलं तेव्हा कळलं की ही एक भिंत नसून दोन भिंती असतात, एकमेकींकडे किंचित कललेल्या, खाली रुंद आणि वर निमुळत्या. मधल्या पोकळीत तो मुठीएवढे तुकडे घालत होता, पण ओतत नव्हता, एकेक हाताने बसवत होता. प्रत्येक दगडाची लांब बाजू आत, छोटं तोंड बाहेर. वरचा दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर, म्हणजे आपल्या गवंड्यांची सांधमोडच. गुडघ्याच्या थोडं वर एक लांब दगड आरपार घातलेला, तो दोन्ही भिंतींना बांधून ठेवतो. आणि सगळ्यात वर दगड उभे, कडेवर, एकमेकांना टेकून दाटीने बसवलेले. त्यांच्या वजनाने खालचं सगळं दबून राहतं.

भाचीने विचारलं, "दिवसात किती होतं?"

"दगड चांगला असेल तर दोन-तीन मीटर," तो म्हणाला. "एकदा उचललेला दगड मी खाली ठेवत नाही. त्याची जागा शोधतो."

तिने एक दगड उचलून पाहिला. त्यात एक शिंपला होता, बोटाच्या नखाएवढा, सगळ्या रेघा शाबूत. तो माणूस म्हणाला, असे रोज सापडतात. दगड तिने त्याच्याच ढिगावर ठेवून दिला.

फोर्डच्या आसपास शर्यतीच्या घोड्यांचे नावाजलेले तबेले आहेत, त्यामुळे सकाळी घोड्यांची रांगच्या रांग रस्त्यावर भेटते. घोडा मागून येणाऱ्या सायकलला बिचकतो, तिचा आवाज येत नाही ना. वेग कमी करायचा, लांबूनच "गुड मॉर्निंग" म्हणून हाक द्यायची, स्वाराने वळून पाहिलं की मग उजवीकडून भरपूर अंतर ठेवून जायचं. डावीकडून कधीही नाही. स्वार हात वर करून आभार मानतो.

टेम्पल गायटिंग, मग गायटिंग पॉवर. जेवायला इथे थांबा. शाकाहारी माणसाचं पबमध्ये आता पूर्वीसारखं अडत नाही. भाजलेला बटाटा आणि चीज किंवा सूप-ब्रेड नक्की मिळतं. मात्र कित्येक पबमध्ये दुपारी दोन-अडीचनंतर स्वयंपाकघर बंद होतं, म्हणून टॉवरपाशी रेंगाळताना घड्याळ बघा. बिअर पिणाऱ्यांसाठी सांगते, या पट्ट्यातल्या बऱ्याच पबांत डॉनिंग्टनची बिअर मिळते. ही ब्रुअरी १८६५ सालची, आणि आपल्या रस्त्यापासून जवळच एका तळ्याकाठी आहे.

नॉन्टन विंडरशच्या काठाकाठाने लांबट पसरलेलं आहे. उगमापाशी जी विंडरश आपण उडी मारून ओलांडली असती, ती इथे जरा नदीसारखी दिसू लागते. गावातून वर यायचा चढ छोटा पण चांगलाच उभा. जेवण झालेलं असतं, पाय जड झालेले असतात. इथे कुणी उतरून चाललं तर काही बिघडत नाही, सायकल ढकलत चालणं हा सायकलिंगचाच भाग आहे.

पुढे अप्पर स्लॉटर. पहिल्या महायुद्धात या गावातून गेलेली सगळी माणसं जिवंत परत आली. दुसऱ्या महायुद्धातही सगळी परत आली. अशी गावं अख्ख्या इंग्लंडमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. या देशात कुठल्याही खेड्यात जा, चौकात दगडी क्रूस आणि त्यावर मेलेल्या पोरांची नावं असतातच, कित्येकदा एकाच आडनावाची तीन-तीन. ती वाचायची सवय झालेल्या डोळ्यांना इथे तसा दगडच दिसत नाही. या गावात मी दर वेळी जरा जास्त थांबते.

ओढ्यात रस्ता उतरलेला दिसेल, पाणी घोट्याएवढंच. चालवत नेऊ नका. तळाला शेवाळ असतं आणि चाक सरकलं की सावरायला वेळ मिळत नाही. बाजूला छोटा पूल आहे. लोअर स्लॉटर तिथून पाच मिनिटांवर. पाणी, जुनी गिरणी, आणि ऊन असेल तर गर्दी. मग लोअर स्वेलमार्गे स्टोचा चढ.

स्टो-ऑन-द-वोल्ड साधारण २४० मीटरवर, आणि वाऱ्यासाठी इंग्रजी म्हणींतही बदनाम. इथे मेंढ्यांच्या जत्रा भरत. मुख्य चौकात येणाऱ्या काही गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की दोन माणसं जेमतेम एकमेकांना ओलांडतात. मेंढ्या एकेक करून आत सोडता याव्यात, मोजता याव्यात, म्हणून त्या तशा ठेवल्या असं सांगतात. १६४६ सालच्या मार्चमध्ये राजाच्या बाजूची शेवटची फौज इथेच पार्लमेंटच्या सैन्याने मोडली आणि इंग्लंडच्या पहिल्या यादवी युद्धातली ती शेवटची लढाई ठरली. आता त्या चौकात चहा आणि स्कोन मिळतात. खाऊन घ्या, अजून पंधरा-सोळा किलोमीटर आहेत.

दमलेल्यांनी इथून ब्रॉडवेलमार्गे सरळ मोर्टन गाठावं, चालेल. पण मराठी माणसाने डेल्सफर्डचा वळसा घ्यावा असं मला मनापासून वाटतं. ऑडिंग्टनच्या आतल्या रस्त्याने बरंचसं अंतर शांत जातं. डेल्सफर्ड आज तिथल्या महागड्या ऑरगॅनिक दुकानासाठी ओळखलं जातं. आपण त्याच्या गर्दीत न शिरता झाडीतल्या लहानशा चर्चकडे वळायचं. चर्चच्या मागच्या बाजूला, पूर्वेला, एका चौथऱ्यावर दगडी कलश आहे आणि त्याच्यावर नाव: वॉरन हेस्टिंग्ज, १८१८.

वडगावला जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजी फौज मराठ्यांना शरण आली, तो करार ज्याने मानायला नकार दिला आणि ज्याने बंगालहून पाठवलेली फौज गॉडर्ड या सेनापतीच्या हाताखाली भारत आडवा तुडवत आली, तो हा. सालबाईचा तह १७८२ साली महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने ज्याच्याशी झाला, तोही हाच. त्याचे पूर्वज डेल्सफर्डचे जमीनदार, पण त्याच्या जन्माआधीच कर्जापायी जमीन गेली. ती परत मिळवायची हे त्याने लहानपणीच ठरवलं होतं म्हणे. भारतातून आणलेल्या पैशातून १७८८ साली त्याने ती घेतली. त्याच वर्षी पार्लमेंटमध्ये त्याच्यावर महाभियोग सुरू झाला, तो सात वर्षं चालला, १७९५ला तो सुटला. पुढची तेवीस वर्षं तो इथेच राहिला. १८१८च्या ऑगस्टमध्ये गेला. त्याच साली जूनमध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला होता. तेव्हाचा गव्हर्नर जनरलही हेस्टिंग्जच, पण तो वेगळा, या घराण्याशी त्याचं नातं नाही. शाळेत माझा यात कायम गोंधळ व्हायचा, भाचीचाही झाला.

"म्हणजे आपलं राज्य गेल्याची बातमी याला कळली असेल?" तिने विचारलं.

बातमी जहाजाने यायला तेव्हा चार-सहा महिने लागत. जूनमधली बातमी ऑगस्टपर्यंत इथे पोचणं कठीण. मी तिला तसं सांगितलं. ती कलशाभोवती एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "बांधलंय मात्र साधंच." खरंच साधं आहे. ज्या माणसाने इतक्या दूरच्या इतक्या लोकांची आयुष्यं उलटीपालटी केली, त्याच्या नावाखाली गवत वाढलेलं असतं आणि मागून आगगाडीचा आवाज येतो. मला तिथे राग येतो, आणि तो येऊ द्यावा असंही वाटतं. आपण जी सुंदर घरं बघत आलो त्यातल्या काहींच्या दगडात आपल्याकडचा पैसा आहे. हे माहीत असूनही मला हा मुलूख आवडतो. दोन्ही एकदम खरं आहे.

डेल्सफर्डहून ॲडलस्ट्रॉप दोन किलोमीटर. तिथलं स्टेशन १९६६ साली बंद झालं, त्याची जुनी पाटी गावाच्या बसथांब्यात लावून ठेवली आहे. पुढे ईव्हनलोड गाव आणि मग मोर्टन. दिवसभरात पहिल्यांदाच रस्ता बऱ्यापैकी सपाट होतो, वारा पाठीशी असतो, मोठ्या गिअरवर पाय आपोआप फिरतात. भाची इथे माझ्या पुढे निघून गेली.

आता कामाच्या गोष्टी. जायला मे ते सप्टेंबरची सुरुवात उत्तम. त्यानंतर शेतकरी कुंपणाची झुडपं छाटतात. मार्च ते ऑगस्टअखेर पक्ष्यांच्या विणीमुळे छाटणीला बंदी असते, म्हणून ती शरद ऋतूत होते. ब्लॅकथॉर्नचे काटे रस्त्यावर पसरतात आणि टायरमध्ये घुसतात. तेव्हा दोन ट्यूब जवळ असू द्या. सगळ्यात हलका गिअर पुढे ३४ आणि मागे ३२ दातांचा असेल तर बरं. पॅडलवर मदत करणारी ई-बाईक घेऊन आलात तरी हा फेरा तितकाच चांगला होतो. सायकलला परवानगी ब्रायडलवेवर, म्हणजे घोडेस्वारांच्या वाटेवर आहे, फुटपाथ म्हणून खूण असलेल्या पायवाटेवर नाही. रेनकोट जुलैतही घ्या.

मोर्टनला पॅडिंग्टनहून दीड तासाच्या आसपास लागतो, आम्हाला ऑक्सफर्डहून त्याच्या निम्म्याहून कमी. सायकलला भाडं नाही, पण डब्यात तिची जागा तिकीट काढतानाच राखून ठेवा, प्रत्येक गाडीत थोड्याच जागा असतात. पुढचं चाक वर करून आकड्याला उभी टांगायची असते आणि ते कपाट अरुंद आहे, म्हणून पॅनियर (कॅरियरला अडकवलेल्या पिशव्या) आणि बाटल्या फलाटावरच काढून घ्या.

भाचीला हा फेरा सप्टेंबरमध्ये उलट्या दिशेने करून बघायचा आहे. म्हणजे स्टोचा चढ सुरुवातीलाच, आणि स्नोशिलहून टॉवरकडे चढताना चाळीसेक किलोमीटर पायांत झालेले. मी तिला नको म्हणून सांगितलं आहे.